ढेकळ्याला अंथरायचं काय?

सक्करदरा, नागपूर
६ एप्रिल १९६९

चि. प्रेमलता हिस,
देवराव गजभिये याचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

विषय : सापाच्या पेटीत खाली काय अंथरावे याबाबत.

विषय लिहिल्याशिवाय माझी लेखणी पुढं सरकत नाही. तेहेतीस वर्षं सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली, आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण खोड जात नाही. तू मनावर घेऊ नकोस.

तुला बघायला आम्ही भिवापूरला आलो तो दिवस मी विसरणार नाही. पोह्यांच्या बश्या नुकत्या हातात आल्या होत्या आणि तू सरळ सांगितलंस, "माझ्याकडे एक दुतोंड्या साप आहे, दोन वर्षं सांभाळते आहे. लग्नानंतर तो माझ्यासोबत येईल. तुम्हाला चालत असेल तर पुढचं बोलू." आमच्या नवरदेव मुकुंदचा चमचा खाली पडला. तुझे बंधू शालिकराम छताकडे पाहायला लागले. आणि मी म्हणालो, "येऊ द्या, घर मोठं आहे." घर मोठं नाही, ते तू पाहशीलच. पण शब्द दिला तो दिला.

आमच्या मंडळींना मात्र मी विचारलं नव्हतं. परतीच्या वाटेवर उमरेडला मी चहा आणून दिला, तोही तिने खिडकीबाहेर बघत प्यायला. घरी पोचल्यावर तोंड उघडलं. "लोकायच्या सुना शिलाई मशीन आनतात, आपली साप आनून राहिली. आन हे म्हनतात, येऊ द्या!" तेव्हापासून सापाचं नाव घरात निघालं की अंजनाबाई उठून मागच्या अंगणात तिच्या फुटाण्याच्या भट्टीकडे जाते. तिचे फुटाणे सक्करदऱ्याच्या बाजारात पहिल्या तासात संपतात. सध्या आणखी लवकर संपतात, कारण ती भट्टीवरच जास्त असते.

असो. मुकुंदने सागवानी फळ्यांची पेटी करवून घेतली आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, वर तारेची जाळी. समोरच्या खोलीत खिडकीखाली ठेवली आहे. आत घालायला मी पिंजाऱ्याकडून छोटी कापसाची गादी शिवायला टाकली. त्याने विचारलं, उशी पाहिजे का? तोंड नेमकं कोणत्या बाजूला असतं ते मला आठवेना, म्हणून दोन सांगितल्या.

तरी आपला अभिप्राय कळवावा.

देवराव गजभिये


भिवापूर
१० एप्रिल १९६९

आदरणीय मामाजी,
सप्रेम जयभीम.

लग्न व्हायचं आहे, पण मी आतापासूनच मामाजी म्हणते. तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतल्या ड्रॉइंगच्या बाई विचारायला आल्या. एक विनंती आहे. पुढचं पत्र असं तीन-तीन पोस्टकार्डांवर नको, पाकिटात घाला. इथला पोस्टमन आधी स्वतः वाचतो आणि मग देतो. काल पत्र देताना म्हणाला, "बाई, दोन उशा बराबर सांगितल्या त्यायनं."

तोंड एकच असतं, मामाजी. शेपूट आखूड आणि बोथट असते म्हणून लोकांना दोन तोंडं वाटतात. गादी राहू द्या, नाहीतर घरात कुणाच्या बाळाला द्या. कापसाचे धागे त्याच्या तोंडात अडकतील.

आता मुख्य गोष्ट. ढेकळ्या (हे नाव मी शिकवते त्या सातवीच्या मुलींनी ठेवलं, कारण गोळा होऊन बसला की शेतातल्या ढेकळासारखा दिसतो) जमिनीवर राहणारा नाही, जमिनीत राहणारा आहे. त्याला अंथरूण नको, पांघरूण हवं. दिवसभर तो आत घुसून असतो आणि अंधार पडू लागला की नाकाचं टोक तेवढं बाहेर काढतो. म्हणून पेटीत वीतभर खोल, कोरडी, मोकळी, चाळलेली रेती लागेल. थोडी माती मिसळली तरी चालेल. लाकडाचा भुसा नको, तो भक्ष्याबरोबर पोटात जातो. इथली काळी माती नको, तिची ढेकळं होतात आणि ओली झाली की पोटाला चिकटते. वर्तमानपत्रं घातली तर साफसफाईला सोपं, पण तो कागदात घुसणार कसा? मग तो बिचारा दिवसभर उघड्यावर घाबरून बसतो.

शाळेच्या नव्या खोलीचा पाया खणताना तो निघाला. मजुराने फावडं घातलं, मी मध्ये पडले. जीव वाचला पण एक डोळा गेला. बाहेर सोडला तर तो उपाशी मरेल किंवा कुणीतरी मारेल, म्हणून सांभाळते. विष नाही, चावतही नाही.

मामाजी, आता एक मनातलं लिहिते. माझ्या दोन मैत्रिणींची लग्नं झाली. एकीला सासरचे म्हणाले होते, नोकरी कर. दुसरीला म्हणाले होते, परीक्षा दे. कुणी नाही म्हटलं नाही. नुसतं "आता नको, पुढे बघू" म्हणत म्हणत दोघींचं सगळं सुटलं. मला त्याची भीती वाटते. ढेकळ्याला तुमच्या घरात जागा मिळाली तर मला मिळाली असं मी समजेन. नाही जमणार असं आजच सांगितलंत तरी मला राग येणार नाही. नंतर सांगितलंत तर येईल.

मामीजींना जयभीम सांगा.

प्रेमलता रामटेके


सक्करदरा
१६ एप्रिल १९६९

चि. प्रेमलता हिस,
अनेक आशीर्वाद.

संदर्भ : आपले दि. १० चे पत्र.
विषय : रेती.

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच मी लाकडाच्या आरामशीनवरून पोतंभर भुसा आणला होता. तो परत नेऊन ओतला. मशीनवाला म्हणाला, "भुसा वापस आननारा पयला मानूस पायला."

मग कन्हानला गेलो. तिथं रेतीघाटावर माझा बालमित्र धोंडबा मुनशी आहे. मला पाहून त्याला आनंद झाला. "काहून गा देवराव, माडी चढवून राहिला का? किती ट्रक देऊ?"

मी म्हणालो, "दोन पोते दे."

"दोन पोत्यात कोनती माडी होते गा?"

"माडी नाही. साप येऊन राहिला घरी."

धोंडबाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. नंतर म्हणाला, "रिटायर झाल्यावर मानसाचं असंच होते." पण मित्र खरा. नदीच्या वरच्या अंगाची स्वच्छ, बारीक रेती स्वतः उभं राहून भरून दिली.

रेती ओली होती म्हणून गच्चीवर वाळत घातली. चूक एवढीच झाली, की त्याच गच्चीवर अंजनाबाईच्या कुरडया होत्या. दुपारी वावटळ उठली आणि पुढचं मी लिहीत नाही. मी तिला समजावायला गेलो की तुझी भट्टीची रेती छान चाळलेली आहे, तीच दे, म्हणजे गच्ची मोकळी होईल. तिची चणे भाजायची रेती म्हणजे दोन मोठे डबे, तिच्या आईपासूनचे. त्या डब्यांना मीसुद्धा हात लावलेला तिला चालत नाही. तिने डब्यांची झाकणं घट्ट लावली. मी गच्चीवर जाऊन रेती आवरली.

तुझ्या पत्रातला शेवटचा भाग मी दोनदा वाचला. मुकुंदलाही वाचून दाखवला. नंतर सांगणार नाही. आजही सांगत नाही. साप येईल.

देवराव गजभिये

ता. क. कुरडयांत रेती आली. अर्ध्या फेकल्या. – अंजना


भिवापूर
२१ एप्रिल १९६९

आदरणीय मामाजी,
सप्रेम जयभीम.

मामीजींची एक ओळ आली, मला फार बरं वाटलं. रागाची का असेना, त्यांच्या हातची आहे. सोबत भिवापुरी मिरचीची पुडी पाठवते आहे. कुरडयांची भरपाई त्यातून होत नाही हे मला कळतं.

रेतीची परीक्षा अशी करा. मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि मूठ उघडा. लाडू राहिला तर ओल आहे, आणखी वाळवा. सगळी सांडून गेली तर तयार आहे. गव्हाच्या चाळणीतून काढा, खडे त्याच्या पोटाला घासतात. आणि उन्हातून आणलेली रेती लगेच पेटीत घालू नका. नागपूरच्या उन्हात ती तव्यासारखी तापते. एक रात्र सावलीत राहू द्या.

आता एक अडचण. शाळेची खोली मला ३० तारखेला सोडावी लागते आहे. लग्नापर्यंत मी दादांकडे राहीन, पण शालिकरामदादा ढेकळ्याला घरात घेत नाहीत. तेव्हा लग्नाच्या आधीच, २९ तारखेला, मुकुंद त्याला न्यायला आले तर बरं होईल. पंचवीस-सव्वीस दिवसांचा प्रश्न आहे. तुम्हाला जड जाईल का?

प्रेमलता


सक्करदरा
२ मे १९६९

चि. प्रेमलता हिस,
अनेक आशीर्वाद.

विषय : आगमन.

ढेकळ्या सुखरूप पोचला. मुकुंदने छोट्या रेल्वेगाडीत टोपली मांडीवर घेऊन सगळा प्रवास केला. समोरच्या बाकावरच्या एका म्हातारीने विचारलं, "आंबे हायेत का गा?" मुकुंद घाईत "हाव" म्हणाला. म्हातारी म्हणाली, "दाखव ना एक, पिकला का पाहू." तेव्हापासून उमरेडपर्यंत मुकुंद दारात उभा राहून आला. वायरमनची नोकरी करतो, खांबावर चढून तारा जोडतो, पण त्या म्हातारीपुढे त्याला घाम फुटला.

टोपलीतली पिशवी पेटीत उघडली. ढेकळ्या बाहेर आला, थोडा थांबला, एकदा जीभ काढली आणि नाक खुपसून बघता बघता रेतीत गेला. पाण्यात बुडावा तसा. वर एक रेघ तेवढी राहिली. मुकुंद आणि मी टाळ्या वाजवायच्या बाकी होतो.

अंजनाबाई स्वयंपाकघरात पाटावर उभी होती. मी म्हणालो, "ये, पाहा, काही दिसतच नाही." ती दारापर्यंत आली, पाहिलं आणि म्हणाली, "दिसत नाही तोपर्यंत राहू द्या." मी याला मंजुरी समजतो.

बाकी तू निर्धास्त राहा. पेटीचा बंदोबस्त मी अगदी रेकॉर्ड रूमसारखा केला आहे. माझ्या तेहेतीस वर्षांत एका फायलीला कधी काही लागलं नाही, ढेकळ्यालाही लागणार नाही.

देवराव गजभिये


भिवापूर
७ मे १९६९

आदरणीय मामाजी,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवलं आहे. हसू नका. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला ढेकळ्याची काळजी न करता झोप लागली. बंदोबस्ताचं वाचून बरं वाटलं. जाळीला कडी पक्की असली की झालं, मांजर येत नाही.

आता तो रुळला असेल. दिवे लागायच्या वेळी नाक बाहेर दिसतं का? काही खाल्लं का? सगळं बारीकसारीक लिहा. मुकुंद फक्त "मजेत आहे" एवढंच लिहितात, ते स्वतःबद्दल की ढेकळ्याबद्दल तेही कळत नाही.

प्रेमलता


(पोस्टकार्ड)

सक्करदरा
१० मे १९६९

चि. प्रेमलता हिस आशीर्वाद.
आपले दि. ७ चे पत्र मिळाले. सर्व ठीक. प्राण्याची प्रकृती समाधानकारक. सध्या तो वरच असतो, हवा खातो. सविस्तर मागाहून.
दे. गजभिये


भिवापूर
१२ मे १९६९

आदरणीय मामाजी,

पोस्टमनने कार्ड देताना मान हलवली आणि म्हणाला, "बाई, काही तरी झालं वाटते." त्याला कळलं, तर मला कळणार नाही का? तुम्ही मला पोस्टकार्ड पाठवलंत, तेही चार ओळींचं, आणि त्यात विषय लिहिला नाहीत.

दुतोंड्या हवा खात नाही. तो वर येऊन पडून राहतो तेव्हा खालची जागा त्याला नको असते. रेती ओली झाली का? त्यात काही मिसळलंय का? एक काम करा, पेटीत वाकून वास घ्या. आणि काय असेल ते खरं लिहा. मेला असेल तर तसं लिहा. मी रडेन, पण मला चालेल. हे "समाधानकारक" मला चालणार नाही. पत्रिका वाटून झाल्या आहेत हे मला माहीत आहे, मंडप सांगितला आहे हेही माहीत आहे. तरीही लिहिते. ज्या घरात मला खरं कळणार नाही त्या घरात मी यावं का, याचा विचार मी सकाळपासून करते आहे.

उत्तर लवकर द्या.

प्रेमलता


सक्करदरा
१४ मे १९६९

प्रेमलता हिला अंजनाबाईचा जयभीम.

मी चौथी पास आहे. पत्र लिहायची सवय नाही. पण तुझ्या मामाजींनी सकाळपासून चार कागद फाडले, म्हणून लेखणी मी घेतली. ते शेजारी बसले आहेत. त्यांना मी सांगितलं आहे, मध्ये बोलायचं नाही.

ढेकळ्या जिवंत आहे. हे आधी वाच, मग बाकीचं वाच.

झालं असं. पेटीत रेती घालायच्या आधी यांनी तळाशी कागद घातला, त्यावर डांबराच्या गोळ्या पसरल्या, वर पुन्हा कागद आणि मग रेती. कचेरीत फायलींच्या कपाटात तसंच करत होते, वाळवी लागू नये म्हणून. मला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. आपण मोठा बंदोबस्त केला असं यांना वाटलं. चार दिवसांनी साप वर येऊन जाळीला नाक लावून बसायला लागला. हे म्हणाले, मुंग्या चावत असतील. आणि आणखी मूठभर गोळ्या टाकल्या.

गेल्या शुक्रवारी दुपारी झळा लागत होत्या म्हणून मी समोरच्या खोलीची खिडकी लावायला गेले. खिडकी लावली आणि वास आला. माझ्या लुगड्याच्या पेटीत असतो तोच. खाली पाहिलं तर साप दोरी टाकावी तसा पडलेला. तोंड थोडं उघडं होतं.

मी ओरडले, "अवो, यात डांबरगोळ्या टाकल्या का तुमी?"

हे म्हणाले, "हाव. काहून?"

"काहून म्हनता? फाईल नोहे ते, जीव हाये!"

तेव्हा यांच्या लक्षात आलं. जागच्या जागी खाली बसले आणि रडायला लागले. बत्तीस वर्षं संसार केला, मी यांना असं रडताना एकदाच पाहिलं होतं, त्यांची आई गेली तेव्हा. मुकुंद ड्यूटीवर होता. घरात मी आणि हे रडणारे.

तर मी उचलला. दोन्ही हातांनी. मला वाटायचं साप गिळगिळीत असतो. तसा नव्हता. कोरडा होता, गुळगुळीत, आणि वजनाने चांगला भारी. सुपात ठेवला आणि मागच्या ओसरीत सावलीला नेला, तिथं हवा येते. मग पेटी अंगणात उलटी केली. ती सगळी रेती वासाने गेली होती, फेकून दिली. पेटी राखेने घासली, उन्हात ठेवली. शनिवार, रविवार, सोमवार तो सुपातच होता, वर फडकं टाकून. यांनी तुला कार्ड टाकलं ते शनिवारी. मी तेव्हाच म्हणाले होते, खोटं लिहू नका. ते म्हणाले, लग्न मोडेल.

आता पेटीत रेती कुठली घालायची? कन्हानला जाऊन आणायची, धुवायची, वाळवायची, त्याला आठवडा पाहिजे. मी भट्टीचे दोन्ही डबे काढले. माझ्या आईने पहिल्यांदा चाळली होती ती रेती. तीस वर्षं चणे भाजून भाजून ती इतकी बारीक झाली आहे की मुठीत ठरत नाही. पण मीठ-हळद लागलेली असते, म्हणून तीन पाण्यांनी धुतली, दोन दिवस वाळवली, एक रात्र सावलीत ठेवली. तुझ्या पत्रात लिहिलं होतं तसं मूठ दाबून पाहिलं. सगळी सांडून गेली.

काल मंगळवारी दुपारी त्याला आत सोडला. बराच वेळ हलला नाही. मी पेटीजवळ बसून होते. हे म्हणत होते, जेवून घे. मग त्याने जीभ काढली, एकदा, दोनदा. आणि हळूहळू नाक आत घातलं. पूर्ण आत जायला पाव तास लागला असेल. शेपटीचं टोक गेलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साप बघून रडणारी मी सक्करदऱ्यात पहिलीच असेन.

भट्टी बंद आहे. बाजारात लोक विचारतात, "फुटाने काहून नाही आनले?" मी सांगते, रेती कामात आहे.

यांनी लपवलं ते वाईट केलं. मी यांच्या बाजूने बोलत नाही. पण यांनी मारायला नव्हतं केलं, जपायला केलं होतं. तुला यायचं की नाही ते तू ठरव. तुझा साप मी नीट ठेवीन, आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

अंजना गजभिये


भिवापूर
१७ मे १९६९

आदरणीय मामीजी,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी शाळेच्या ओट्यावर बसून वाचलं आणि तिथंच रडले. पोस्टमन उभाच होता. त्याला म्हणाले, जिवंत आहे. तो म्हणाला, "मंग रडता काहून?" आणि स्वतःच धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

गोळ्यांचा मला राग नाही. गोळ्यांचं मीच लिहायला हवं होतं, पण असं कुणी करेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. राग पोस्टकार्डाचा आला होता. तो तुमच्या पत्राने गेला.

आता माझंही ऐका. तुम्ही सगळं खरं लिहिलंत आणि मी गप्प बसले तर मला तुमच्यासमोर मान वर करता येणार नाही. मामीजी, खोली मला ३० एप्रिलला सोडायची नव्हती. जूनपर्यंत ती माझीच आहे. हे पत्र मी त्याच खोलीत बसून लिहिते आहे. दादांनीही ढेकळ्याला नाही म्हटलेलं नव्हतं. मी मुद्दाम त्याला आधी पाठवला. मला पाहायचं होतं, तुम्ही लोक त्याला कसं ठेवता. नीट ठेवलंत तर मी येईन, नाहीतर लग्नाच्या आधीच कळेल, असा माझा हिशोब होता. स्वतःला फार हुशार समजत होते.

आणि परीक्षा कुणी दिली? एक डोळा गेलेल्या मुक्या जिवाने. दहा दिवस तो त्या वासात नाक वर करून बसला होता, आणि त्याला तिथं मी पाठवलं होतं. शब्द पाळतील का म्हणून मी तुम्हाला तपासत होते आणि खोटं मीच बोलत होते. मला फार लाज वाटते. मामाजींनी भीतीने लपवलं, मी संशयाने. माझं जास्त वाईट आहे.

आता विचारायची पाळी माझी आहे. एवढं कळल्यावर तुम्हाला मी चालेन का? तुमच्या घरात माझ्यासाठी जागा आहे का, ते खरं लिहा. वाट पाहते.

प्रेमलता


सक्करदरा
२१ मे १९६९

चि. प्रेमलता हिस,
अनेक आशीर्वाद.

विषय : खुलासा.

खाली सही करणारा देवराव गजभिये लिहून देतो की दि. १० चे कार्ड खोटे होते. प्रकृती समाधानकारक नव्हती, सापाचीही नाही आणि माझीही नाही. मला वाटलं, तू येणारच नाहीस, आणि मुकुंद आयुष्यभर मला विचारेल, बाबा, गोळ्या काहून टाकल्या? कचेरीत एक कागद दडपला की दुसरा दडपावा लागतो हे मी पोरांना शिकवत असे. स्वतःवर आली तेव्हा विसरलो. पुन्हा होणार नाही.

आनंदाची बातमी अशी, की काल ढेकळ्याने उंदीर खाल्ला. मुकुंदने तो चण्याच्या कोठीतून धरला होता. चण्याच्या कोठीत उंदीर किती झालेत हे मोजायला मुकुंद आता रोज जातो, त्यामुळे अंजनाबाई खूश आहे.

पुढचा कागद तिने मागितला आहे. देतो.

देवराव


प्रेमलता,

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं. खोलीचं यांनी दोनदा वाचलं. मला हसू आलं. मी यांना म्हणाले, "पोरगी हुशार हाये. मले जर त्या वक्ती सुचलं असतं तर मीबी तुमच्या घरी आधी बकरी पाठवून पायली असती." पण तू म्हणतेस ते बरोबर आहे. मुक्या जिवाला मध्ये घालायचं नव्हतं. पुढे काही विचारायचं असेल तर मला तोंडावर विचार. मी तोंडावर सांगीन. भांडण झालं तर होईल.

माझी मोठी बहीण यमुताई काल कन्हानहून आली, लग्नासाठी. सोबत सात माणसं. पंचवीस तारखेपर्यंत राहणार. समोरच्या खोलीत सतरंज्या टाकायच्या तर मध्ये पेटी. यमुताई म्हणाली, "हे पेटी अंगनात ठेव वं. झोपाले जागा नाही."

मी म्हणाले, "पेटी नाही हालनार."

"सापाले घरात आन आमाले अंगनात?"

मी म्हणाले, "तो घरचा हाये. पाहुने तुमी हा."

यमुताई फुगली आहे. सगळे अंगणात मंडपाखाली झोपतात. समोरची खोली रिकामी ठेवली आहे, ती तुमची दोघांची. रविवारी लग्नाला लवकर ये, ऊन तापायच्या आत.

अंजना